चुकलेला बॉम्ब, शाबूत राहिलेली सही

४ डिसेंबर १९४७ ची संध्याकाळ. हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान याची मोटार किंग कोठी राजवाड्यातून नेहमीच्या रस्त्याने निघाली होती. रस्त्याच्या कडेला नारायणराव पवार हा वारंगळकडचा आर्यसमाजी तरुण तिची वाट पाहत उभा होता. या कामात त्याचे आणखी दोन सोबती होते. मोटार टप्प्यात येताच नारायणरावांनी बॉम्ब फेकला. तो गाडीच्या मागच्या बाजूला लागला आणि रस्त्यावर फुटला. वाटसरू जखमी झाले, निजामाला खरचटलेही नाही. नारायणराव पकडले गेले, खटला चालला, फाशीची शिक्षा झाली. ती अमलात आली नाही. हैदराबादेत भारतीय सैन्य आले आणि १९४९ मध्ये त्यांची सुटका झाली.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात नारायणरावांचे नाव आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. अमरावती-अकोल्याकडे मात्र ही घटना आपली म्हणून कुणी सांगत नाही. ती दूरच्या शहरात घडली, दुसऱ्या संस्थानात घडली, आपला तिच्याशी काय संबंध, असा आपला समज. पण त्या संध्याकाळी त्या मोटारीत बसलेला माणूस कागदोपत्री आपला राजा होता. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ या चार जिल्ह्यांवरचे त्याचे सार्वभौमत्व इंग्रजांनी अवघ्या अकरा वर्षांपूर्वी लेखी मान्य केले होते. तो बॉम्ब वऱ्हाडच्या राजावर पडला होता, आणि चुकला म्हणून त्याचे सर्वांत मोठे परिणाम वऱ्हाडालाही लागू झाले.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. तो बॉम्ब चुकला हे हैदराबादच्या, मराठवाड्याच्या आणि वऱ्हाडच्याही हिताचे झाले. निजाम चांगला होता म्हणून नव्हे. ज्या कागदांनी आपल्याला त्याच्याशी बांधले होते, ते कागद कायमचे रद्द करण्यासाठी त्याचीच सही लागणार होती म्हणून.

हे समजायचे तर वऱ्हाडची कागदपत्रे उलगडून पाहावी लागतात. निजामाचे राज्य उभे राहिले तेच वऱ्हाडच्या मातीवर. १७२४ साली आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खन त्याच्या हाती आली. पुढे नागपूरकर भोसल्यांचा अंमल वऱ्हाडात निजामाच्या जोडीने चालला. १८०३ मध्ये अकोल्याकडच्या अडगावला आणि मेळघाटच्या तोंडाशी गाविलगडावर भोसल्यांचा पराभव झाला. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख त्यांच्या हातून गेला आणि निजामाला मिळाला.

त्यानंतर पन्नास वर्षांनी कागद पुन्हा बदलला. हैदराबाद कंटिंजंट ही इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज हिंगोली, एलिचपूर (आजचे अचलपूर), औरंगाबाद अशा छावण्यांमधून असे. तिचा खर्च निजामावर होता आणि तो थकत गेला. या थकबाकीपोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेले. ताबा इंग्रजांचा, मालकी निजामाची. निजामाचा दिवाण पहिला सालारजंग आयुष्यभर वऱ्हाड परत मागत राहिला आणि १८७६ मध्ये विलायतेलाही जाऊन आला. इंग्रजांनी दाद दिली नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खानाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, बदल्यात वर्षाला २५ लाख रुपये. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले.

मीर उस्मान अली खानाने ही मागणी पुन्हा उकरून काढली. १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगने त्याला कडक शब्दांत कळवले की ब्रिटिश सत्तेशी बरोबरीच्या नात्याने वाद घालण्याचा हक्क कोणत्याही संस्थानिकाला नाही. हे पत्र संस्थानी हिंदुस्थानात गाजले. सार्वभौम सत्ता म्हणजे काय, हे इतक्या उघडपणे यापूर्वी सांगितले गेले नव्हते. आणि त्याला कारण झाले होते आपले वऱ्हाड. दहा वर्षांनी, १९३६ मध्ये, इंग्रजांनी तडजोड केली. कारभार मध्य प्रांताकडेच राहिला, २५ लाखांचा हप्ता चालू राहिला, पण सार्वभौमत्व निजामाचे असल्याचे मान्य झाले. त्याच्या बिरुदात हैदराबादबरोबर वऱ्हाडचे नाव आले. युवराज आझम जाह ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाला. वऱ्हाडात ब्रिटिश झेंड्याच्या जोडीला निजामाचा झेंडा लावण्याची मुभा मिळाली.

१८०३ पासून १९३६ पर्यंत प्रत्येक वेळी वऱ्हाडचे भवितव्य कुणाच्या तरी सहीने ठरले आणि एकदाही ती सही वऱ्हाडच्या माणसाची नव्हती. पऱ्हाटी पिकवणाऱ्या कुणब्याला, अकोल्याच्या बाजारात गाडी उभी करणाऱ्या शेतकऱ्याला, एलिचपूरच्या विणकराला कुणी विचारले नाही. आपल्या भूमीचा प्रश्न नेहमी दोन दरबारांमधला राजनैतिक प्रश्न राहिला.

१९४७ मध्ये हा जुना घोळ अंगावर आला. ब्रिटिशांचे सार्वभौमत्व संपले की त्यांनी संस्थानिकांशी केलेले करारही संपणार होते. मग १९०२ चा पट्टा आणि १९३६ चा करार संपला, तर वऱ्हाड कुणाचे? कायद्याच्या अक्षराने पाहिले तर उत्तर निजामाकडे झुकत होते, आणि निजामाच्या शिष्टमंडळाने जुलैमध्ये दिल्लीत वऱ्हाड परत मिळण्याचा मुद्दा मांडलाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर वऱ्हाडातल्या लाखो लोकांपुढे, आपण भारताचे नागरिक होणार की हैदराबादची रयत, हा खराखुरा प्रश्न होता. मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींवर मीठ करून कायदा मोडणारे वऱ्हाड निजामाची रयत होण्याचा विचारही करू शकत नव्हते.

त्याच दिवसांत, ८ ऑगस्ट १९४७ रोजी, अकोला करार झाला. शंकरराव देव, धनंजयराव गाडगीळ, ब्रिजलाल बियाणी आणि दोन्हीकडची इतर नेतेमंडळी एकत्र बसली आणि एका मराठी प्रांतात महाविदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र असे दोन उपप्रांत असावेत, असे ठरले. हा करार पुढे जसाच्या तसा अमलात आला नाही आणि त्यावरून आजही वाद होतात. पण त्याचे एक महत्त्व वादात हरवून जाते. वऱ्हाडच्या भवितव्याचा कागद वऱ्हाडात लिहिला गेला आणि त्यावर वऱ्हाडच्या माणसांनी सह्या केल्या. दरबारांच्या सह्यांना लोकांच्या सह्यांनी दिलेले ते उत्तर होते.

दिल्ली आणि हैदराबाद यांची बोलणी मात्र रखडत होती. ऑक्टोबरच्या अखेरीस निजामाचे शिष्टमंडळ करारासाठी दिल्लीला निघणार होते. २७ तारखेच्या पहाटे इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेच्या जमावाने शिष्टमंडळातल्या मंडळींची घरे वेढली. जाणे रद्द झाले, छतारीच्या नवाबाने पंतप्रधानपद सोडले, नवे शिष्टमंडळ नेमले गेले. अखेर २९ नोव्हेंबरला ‘जैसे थे’ करार झाला. ब्रिटिश काळात जी व्यवस्था होती ती एक वर्ष तशीच चालावी, दोघांनी एकमेकांकडे आपला प्रतिनिधी ठेवावा, वाद झाला तर लवादाकडे जावे. व्यवस्था जैसे थे राहिल्याने वऱ्हाडचा कारभारही मध्य प्रांताकडेच राहिला. निजामाच्या एका सहीने वऱ्हाडला श्वास घ्यायला एक वर्ष मिळाले.

ही शाई वाळून पाच दिवस झाले होते, तेव्हा किंग कोठीच्या रस्त्यावर बॉम्ब फुटला.

बॉम्बमुळे करार मोडला नाही. बोलणी थांबली नाहीत. जानेवारी १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शी भारताचे प्रतिनिधी म्हणून हैदराबादला पोचले. पण हे असे घडू शकले कारण निजाम जिवंत होता. तो मेला असता तर काय झाले असते, याचा विचार ज्याला आपल्या इतिहासाची चाड आहे त्याने एकदा मन लावून केला पाहिजे.

पहिली गोष्ट वारसाची. गादीचा वारस होता आझम जाह, ज्याच्या किताबातच वऱ्हाड होते. राज्यावर त्याची पकड नव्हती. पुढे खुद्द बापानेच त्याला डावलून नातवाला, मुकर्रम जाहला, वारस नेमले. अशा युवराजाच्या गादीमागे खरी सत्ता इत्तेहादचा नेता कासिम रझवी आणि त्याच्या रझाकार दलाच्या हाती एकवटली असती. त्यांनी ऑक्टोबरात घरे वेढून एक करार थांबवला होता. नोव्हेंबरचा करार म्हणजे मेलेल्या राजाची सही, नव्या राजाला ती बांधील नाही, असे म्हणायला त्यांना कितीसा वेळ लागला असता?

दुसरी गोष्ट रक्ताची. फाळणीचे ते वर्ष. पंजाब जळत होता. अशा वेळी भारतातल्या सर्वांत मोठ्या संस्थानाच्या मुसलमान राजाला हिंदू तरुणाने मारले, ही बातमी सुटली असती तर मराठवाड्यातल्या गावांत रझाकारांनी काय केले असते आणि त्याचा सूड बाळापूर, अचलपूरच्या गल्ल्यांमधून कुणाकुणावर निघाला असता, हे सांगायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. दोन महिन्यांच्या आत, ३० जानेवारीला, गांधीजींचा खून झाला. त्याआधी दहा दिवस झालेला बॉम्बचा प्रयत्न फसला होता. ३० तारखेचा फसला नाही, आणि महाराष्ट्रात ज्यांचा त्या खुनाशी काडीचा संबंध नव्हता अशा असंख्य ब्राह्मण कुटुंबांची घरे जळाली. यशस्वी खुनाची किंमत मारेकरी एकटा कधीच देत नाही. ती त्याच्या नावाशी, जातीशी, धर्माशी जोडल्या गेलेल्या निरपराध माणसांकडून वसूल होते.

तिसरी गोष्ट राजनैतिक, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिचा उलगडा सप्टेंबर १९४८ मध्ये झाला.

मधल्या महिन्यांत करार दोन्ही बाजूंनी ताणला गेला. हैदराबाद सरकारने २० कोटी रुपयांचे भारत सरकारचे कर्जरोखे पाकिस्तानला कर्जाऊ दिले. विमानाने चोरटी शस्त्रे येऊ लागली. सरहद्दीवर चकमकी झडू लागल्या. पैनगंगेच्या पलीकडून पळून आलेली कुटुंबे आपल्या बाजूच्या गावांत आसरा घेऊ लागली. २१ ऑगस्टला हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. दुसऱ्याच दिवशी ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान याचा हैदराबादेत खून झाला. भारतात सामील होण्याची बाजू तो लेखणीने मांडत होता, एवढाच त्याचा गुन्हा. हा खून फसला नाही. पण त्याने मारेकऱ्यांच्या पक्षाला काय मिळाले? भारताच्या बाजूने बोलणारा मुसलमानही हैदराबादेत जगू शकत नाही, हे त्या खुनाने जगजाहीर केले, आणि ज्यांनी तो केला त्यांचीच बाजू लंगडी पडली.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य शिरले. १६ तारखेला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेने हैदराबादची तक्रार कामकाजात घेतली; आठ मते बाजूने, विरोधात एकही नाही, तीन देश तटस्थ. मोईन नवाज जंग हैदराबादची बाजू मांडत होता, रामस्वामी मुदलियार भारताची. रणांगणावर भारत जिंकत होता, पण पॅरिसमध्ये निकाल रणगाड्यांनी लागणार नव्हता. काश्मीरचा प्रश्न त्याच वर्षी त्याच परिषदेत गेलेला होता आणि पुढे किती वर्षे तो तिथे भिजत पडला, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

१७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली, पंतप्रधान लायक अलीचे मंत्रिमंडळ गेले. २२ तारखेला निजामाने संयुक्त राष्ट्रांना तार केली की तक्रार मागे घेतली आहे. दुसऱ्या दिवशी रेडिओवरून त्याने सांगितले की रझाकारांनी आपल्याला हतबल करून राज्य ताब्यात घेतले होते. विषय परिषदेच्या यादीत नावापुरता उरला आणि पाकिस्तानने पुढे तो उकरूनही पाहिला, पण त्यातला जीव गेला होता. ज्याच्या नावाने तक्रार केली होती, तोच म्हणत होता की माझी तक्रार नाही. ही तार कासिम रझवी पाठवू शकत नव्हता, भारतीय सैन्याचे जनरल चौधरी पाठवू शकत नव्हते. ती पाठवण्याचा अधिकार जगात एकाच माणसाला होता आणि तो माणूस ४ डिसेंबरला वाचला होता.

त्या सहीचे वजन किती, याचा आणखी एक पुरावा लंडनच्या बँकेत सत्तर वर्षे पडून होता. कारवाईच्या त्या दिवसांत मोईन नवाज जंगने हैदराबाद सरकारचे दहा लाखांहून थोडे अधिक पौंड लंडनमधल्या पाकिस्तानी उच्चायुक्ताच्या खात्यात वळवले. निजामाने काही दिवसांतच बँकेला कळवले की हे आपल्या संमतीवाचून झाले, पैसे परत करावेत. पैसे अडकले. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने पाकिस्तानचा दावा फेटाळला आणि तोवर सुमारे साडेतीन कोटी पौंड झालेली ती रक्कम निजामाचे वारस आणि भारत यांची ठरली. १९४८ मध्ये जिवंत निजामाने हात वर केला नसता, तर हा दावा कोणत्या आधारावर उभा राहिला असता?

जगाच्या इतिहासातही हे दिसते. १४ जानेवारी १८५८ रोजी पॅरिसच्या ऑपेराबाहेर फेलिचे ओर्सिनी या इटालियन देशभक्ताने सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या गाडीवर बॉम्ब टाकले. आठ माणसे मेली, शंभरावर जखमी झाली, सम्राट वाचला. बॉम्ब इंग्लंडात तयार झाले होते म्हणून फ्रान्स खवळला. इंग्लंडात पामर्स्टनने कटवाल्यांविरुद्ध विधेयक आणले आणि त्याच पेचात त्याचे मंत्रिमंडळ पडले. ओर्सिनीने तुरुंगातून सम्राटाला इटलीच्या मुक्ततेचे आवाहन करणारे पत्र लिहिले, आणि त्याच वर्षी जुलैत नेपोलियनने प्लाँबिएर येथे पीडमाँटचा पंतप्रधान कावूर याच्याशी गुप्त समझोता केला. इटलीच्या एकीकरणाची वाट मोकळी करायला वाचलेला सम्राट उपयोगी पडला. १९१४ च्या सारायेव्होत याच्या उलट झाले. सकाळचा बॉम्ब युवराजाच्या मोटारीवरून उसळून मागच्या गाडीखाली फुटला, युवराज वाचला. तासाभरात गोळीने तो मेला आणि महायुद्ध पेटले. त्या दोन वारांमध्ये जेवढा काळ गेला, तेवढीच मुत्सद्देगिरीला शिल्लक राहिलेली संधी होती.

यावर आक्षेप येईल की निजाम हा काही नाइलाजाने अडकलेला साधुपुरुष नव्हता. खरे आहे. रझाकारांना त्याने वाढू दिले, स्वतंत्र राज्याचे स्वप्न त्याने पाहिले, त्याच्या राज्यात मराठी, तेलुगू, कानडी माणूस आपल्याच गावात दुय्यम होता. १९३८-३९ मध्ये आर्य समाजाने सत्याग्रह केला तेव्हा सोलापूरच्या परिषदेचे अध्यक्षपद वणीच्या बापूजी अण्यांनी घेतले, ते या अन्यायाची झळ वऱ्हाडपर्यंत पोचत होती म्हणूनच. पण निजाम दोषी होता, एवढ्यावरून त्याला मारणे उपयोगाचे होते, हे सिद्ध होत नाही. राजा हा माणूस असतो आणि राज्य ही करारांची, हक्कांची, वारसांची गुंतागुंत असते. माणूस मारला तर गुंतागुंत त्याच्या मुलाच्या हातात जाते, आणि ती सोडवण्याचा अधिकार असलेला हात मात्र नाहीसा होतो.

दुसरा आक्षेप असा की शेवटी प्रश्न सैन्यानेच सोडवला, मग सह्यांचे एवढे कौतुक कशाला? सैन्याने हैदराबाद घेतले. पण घेतलेले हैदराबाद जगाने भारताचे मानले, ते निजामाच्या तारेने, त्याच्या भाषणाने आणि २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानाने, ज्यात त्याने भारताची राज्यघटना स्वीकारली. सैन्य जमीन मिळवून देते. हक्क कागदावरच मिळतो. दीडशे वर्षे कागदांच्या खाली दबलेल्या वऱ्हाडला तरी हे वेगळे सांगावे लागू नये.

नारायणरावांविषयी मला आदर आहे. भरल्या तारुण्यात मरणाची तयारी ठेवून रस्त्यावर उभे राहणे सोपे नाही, आणि ज्या राज्यात सभेला, वर्तमानपत्राला, निवडणुकीला जागा नाही तिथे तरुणांच्या हातात बॉम्ब येतो याचा दोष आधी त्या राज्याचा. त्यांचे धैर्य मोठे होते. पण धैर्याला वंदन करताना त्यांच्या मार्गाचेही समर्थन करायला आपण बांधलेले नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसने तुरुंग भरले, गावोगावी तिरंगे लावले, सरहद्दीवर छावण्या उभ्या केल्या, भारतात सामील होण्याची मागणी लाखो लोकांच्या तोंडी आणली. या मागणीमुळेच दिल्लीला पाऊल उचलता आले आणि जगाला ते समजावता आले. एका संध्याकाळच्या बॉम्बला ते काम जमले नसते, तो अचूक पडला असता तरी.

२६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली आणि वऱ्हाडवरचा निजामाचा नावापुरता हक्कही संपला. ती घटना लिहिणाऱ्या सभेत अमरावतीचे पंजाबराव देशमुख होते, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी होते. वऱ्हाडच्या मालकीचा शेवटचा कागद ज्या सभेत लिहिला गेला, तिथे वऱ्हाडची माणसे सभासद म्हणून बसली होती.

म्हणून १७ सप्टेंबर हा फक्त मराठवाड्याचा दिवस मानणे मला पटत नाही. अमरावती-अकोल्याच्या शाळांमध्येही तो साजरा झाला पाहिजे, आणि त्या दिवशी मुलांना १८५३ पासून १९५० पर्यंतची ही कागदपत्रे तारीखवार शिकवली पाहिजेत. आज जगात पुन्हा राज्यकर्त्यांवर, विरोधकांवर, परदेशात राहणाऱ्या टीकाकारांवर गोळ्या झाडल्या जातात आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणते की एक माणूस गेला तर प्रश्न मिटेल. या म्हणण्याचे उत्तर आपल्या जिल्ह्यांच्या इतिहासात लिहिलेले आहे. माणूस गेल्याने आपला प्रश्न मिटला नसता. तो मिटला, कारण माणूस राहिला, त्याला सही करावी लागली, आणि तोपर्यंत आपल्या लोकांनी स्वतःच्या सहीचा हक्क कमावला होता.